सालार दे उयुनी

बोलिव्हियाच्या नैऋत्य भागातील, पोतोसी प्रांतात मोडणारे जगातील सर्वांत मोठे मिठाचे मैदान. क्षेत्रफळ १०,००० चौ. किमी.हून अधिक, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५६ मी. अँडीजच्या रांगांमधील आल्तिप्लानो पठारावर पूर्वी विस्तीर्ण सरोवरे होती. त्यांच्या पाण्याला समुद्राकडे वाट नव्हती. ते आटले आणि मीठ मागे राहिले. वरच्या टणक थराखाली आजही खारे पाणी मुरलेले असून त्यात लिथियमचा मोठा साठा आहे.

पाणी वाळले की पृष्ठभागावर पंचकोनी-षट्कोनी आकृत्या उमटतात. त्यांच्या कडांना मिठाचे खरखरीत, किंचित उंच बांध असतात. कवच वाळून तडकल्यामुळे त्या पडतात, असे पूर्वी मानले जाई. नव्या संशोधनानुसार जमिनीखाली जड खारे पाणी खाली जाते, कमी खारे वर येते, आणि या अभिसरणातून आकृत्यांची जाळी तयार होते.

मैदानावर बांधलेला रस्ता नाही. चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या आधीच्या चाकोऱ्यांवरून धावतात आणि चालक उत्तरेकडील तुनुपा ज्वालामुखीवरून दिशा ताडतात. खरा धोका मध्यभागी नसून काठाला आहे: तिथे कवच पातळ असते व गाडी चिखलात रुतते. डिसेंबर ते मार्चच्या पावसात पाण्याचा पातळ थर साचून आभाळ जमिनीवर उतरते. मात्र त्या दिवसांत इन्काहुआसी या निवडुंगांनी भरलेल्या बेटापर्यंत जाणे बरेचदा बंद होते. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, जमीन कोरडी आणि वाट खात्रीची असते, पण रात्री पारा शून्याच्या बऱ्याच खाली जातो.

बहुतेक प्रवासी पुढे दक्षिणेला एदुआर्दो आबारोआ अभयारण्यात जातात. तेथील लागुना कोलोरादाचे पाणी सूक्ष्म शैवालांमुळे तांबडे दिसते आणि त्यात रोहित पक्षी चरतात. सोल दे मान्याना हे वाफेच्या झोतांचे क्षेत्र तर ४,८०० मी.हूनही उंच आहे. म्हणून दिशेची निवड महत्त्वाची. चिलीतील सान पेद्रो दे आताकामा सुमारे २,४०० मी.वर आहे. तिथून निघणारा पहिल्याच दिवशी ४,००० मी. ओलांडतो आणि डोकेदुखी, मळमळ, दम लागणे यांना सामोरा जातो. उयुनी गावात एक-दोन रात्री काढून दक्षिणेकडे निघणे शरीराला अधिक मानवते.