स्टेडियमचे पैसे, दवाखान्याचे पैसे आणि सातारा जिल्हा

जिल्हा नियोजन समितीची बैठक होते, क्रीडा संकुलाला निधी मंजूर झाल्याची बातमी येते आणि साताऱ्यात चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘स्टेडियमला पैसे आहेत, दवाखान्याला नाहीत.’ दुष्काळी माण-खटावकडे त्या वाक्यात दवाखान्याच्या जागी ‘पाणी’ हा शब्द येतो, एवढाच फरक. तक्रार खोटी नाही. पण ‘स्टेडियम की समाज’ या ज्या जागतिक वादातून ती भाषा आपल्याकडे आली, त्याचा इतिहास निराळा आहे आणि आपल्या जिल्ह्यातल्या क्रीडाखर्चाचा इतिहास त्याहून निराळा. दोन्हींची सरमिसळ झाली की राग चुकीच्या माणसावर निघतो.

आपल्याकडे खेळावर सार्वजनिक तिजोरीतून खर्च करण्याची सुरुवात संस्थानिकांनी केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलं, ते 1912 मध्ये खुलं झालं. त्याच काळात त्याच तिजोरीतून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं निघत होती, राधानगरी धरणाचं काम चाललं होतं, आणि 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. खासबाग बांधलं म्हणून वसतिगृह अडलं, अशी ओरड झाल्याचं इतिहास सांगत नाही, कारण दोन्ही होत होतं. औंधची तऱ्हा आणखी वेगळी. आज खटाव तालुक्यात येणाऱ्या या छोट्या संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्याला ना गॅलरी लागली, ना कंत्राटदार. शाळेचं पटांगण आणि शिकवणारा मास्तर एवढ्यावर भागलं.

संस्थानं गेली, तालमी राहिल्या. तालमीचा खर्च गाव उचलायचं. जत्रेच्या मैदानात कुस्त्यांची इनामं लोकवर्गणीतून निघायची, आजही बऱ्याच ठिकाणी तशीच निघतात. या व्यवस्थेतून शिराळ्याच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने हे हिंदकेसरी सांगली जिल्ह्याला मिळाले. आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव.

खाशाबांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ती पैशाच्या बाजूने क्वचित सांगितली जाते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जायचं तर वाटखर्चाची पंचाईत. गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. बँटमवेट गटात कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, सत्कार झाले, आणि मग पदकविजेत्याने कुस्त्यांची मैदानं मारून प्राचार्यांचं घर सोडवलं. पुढे ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर.

त्या वेळी सरकारने खेळाकडे पाठ फिरवली याला घटनेतली मांडणीही थोडी कारण आहे. सातव्या परिशिष्टाच्या राज्यसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं सहाव्या क्रमांकावर आहेत. खेळ 33 व्या क्रमांकावर, नाटक, सिनेमा आणि करमणुकीच्या पंगतीत. म्हणजे दोन्ही विषय राज्याचेच, पण एक गरज आणि एक मौज अशी वर्गवारी पहिल्यापासून डोक्यात बसलेली. नंतर 74 व्या घटनादुरुस्तीने बारावं परिशिष्ट आणलं आणि त्यात शहरांच्या कामांमध्ये पाणीपुरवठा, आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा यांच्याबरोबर उद्यानं आणि खेळाची मैदानंही घातली. मैदानं, बरं का. स्टेडियम हा शब्द तिथे नाही.

महाराष्ट्रात मोठ्या बांधकामाचं पर्व सुरू झालं ते बालेवाडीपासून. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. त्यानंतर ‘आमच्याकडेही पाहिजे’ ही मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतून येणं साहजिक होतं. 2003 पासून राज्याने विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर क्रीडा संकुलं बांधायचं धोरण पद्धतशीर राबवायला घेतलं. अनुदानाच्या मर्यादा वेळोवेळी वाढत गेल्या. 2022 मध्ये तालुका संकुलाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींवर आणि जिल्हा संकुलाची 8 कोटींवरून 25 कोटींवर नेली. तालुका समितीचे अध्यक्ष स्थानिक आमदार. त्यामुळे भूमिपूजनाला तारीख लवकर मिळते.

‘स्टेडियम की समाज’ हा वाद या सगळ्याच्या बाहेर, अमेरिकेत तापला. तिथे 1953 मध्ये मिलवॉकी काउंटीने सरकारी पैशातून स्टेडियम बांधलं आणि बोस्टनचा बेसबॉल संघ तिकडे गेला. तेव्हापासून संघमालकांना एक हत्यार सापडलं : स्टेडियम बांधून द्या, नाहीतर आम्ही गाव बदलतो. शहरं करमुक्त कर्जरोखे काढून पैसे उभे करू लागली. तिकिटं, जाहिराती, प्रक्षेपणाचे हक्क यांचा नफा मात्र मालकाच्या खिशात. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे वर्षानुवर्षं हिशेब मांडले आणि बहुतेकांचं मत एकच पडलं, की अशा स्टेडियममुळे शहराच्या उत्पन्नात म्हणण्यासारखी भर पडत नाही. डेन्व्हरच्या मतदारांनी तर 1972 मध्येच सार्वमतात हिवाळी ऑलिंपिकचा खर्च नाकारला आणि हाती आलेली स्पर्धा परत केली. माँट्रियलने 1976 चं ऑलिंपिक घेतलं आणि त्या स्टेडियमचं कर्ज फिटलं 2006 मध्ये.

ब्राझीलमध्ये 2013 ला रस्त्यावर उतरलेले लोक मुळात बसभाड्याच्या वाढीवरून चिडले होते. पण पुढच्या वर्षी फुटबॉलचा विश्वचषक होता. बघता बघता फलक झळकले : आम्हाला फिफाच्या दर्जाची रुग्णालयं द्या. राजधानी ब्राझिलियातल्या महागड्या स्टेडियमच्या आवारात नंतर बसगाड्या उभ्या केल्या गेल्या. आपल्याकडच्या तक्रारीची भाषा बरीचशी तिथून आलेली आहे.

आपल्याकडे खासगी संघाला सरकारने सरळ स्टेडियम बांधून दिलं असं सहसा होत नाही. क्रिकेटची मोठी मैदानं संघटनांची आहेत. गहुंजेचं मैदान महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने बँकांचं कर्ज काढून बांधलं. सवलत येते ती आडवाटेने. 2023 मध्ये राज्याने क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे दर कमी केले, वीस षटकांच्या सामन्याला 10 लाखांवर आणले, आणि ते 2011 पासूनच्या थकबाकीलाही लागू केले. ज्या खेळाच्या संघटनेकडे पैशाची वानवा नाही, तिलाच ही मेहेरबानी का, हे मला तरी उमगलेलं नाही.

गरिबांच्या वाट्याचे पैसे खेळाकडे वळवल्याचं सर्वांत ठळक भारतीय उदाहरण दिल्लीचं आहे. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतला 700 कोटींच्या आसपास निधी दिल्ली सरकारने वळवल्याचं माहिती अधिकारातून उघड झालं, राज्यसभेत गदारोळ झाला आणि केंद्रीय गृहमंत्र्यांना ते चुकल्याचं कबूल करावं लागलं. त्याच स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या बंदिस्त स्टेडियमला के. डी. जाधव यांचं नाव देण्यात आलं.

म्हणजे आपल्याच खाशाबांचं. गोळेश्वरमध्ये काय चाललं होतं? 2009 मध्ये तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांनी त्यांच्या नावाने गावात कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा केली. 2013 च्या अखेरीस 1 कोटी 58 लाख रुपये मंजूर झाले. 2017 मध्ये घरच्यांनी जाहीर केलं, की संकुल होत नसेल तर पदकाचा लिलाव करून आम्हीच ते बांधतो. देशभर बातम्या झाल्या. राज्याने आता 15 जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे. दिन पाळायला अंदाजपत्रक लागत नाही, हा त्याचा मोठाच फायदा.

इथवरचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट नजरेत भरते. सरकारी पैसा खेळाकडे येतो तेव्हा तो भिंतीच्या रूपाने येतो. माणसाच्या रूपाने फार क्वचित. याला निव्वळ टक्केवारी जबाबदार आहे असं म्हणून मोकळं होता येतं, पण नियमही तसेच आहेत. 1993 मध्ये खासदार निधी सुरू झाला, त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी करायची, पगार आणि चालू खर्च करायचा नाही. आमदार निधीचा रोख तोच. जिल्हा नियोजनातही काम दिसलं पाहिजे, मोजपुस्तिकेत, म्हणजे बांधकामाची मापं नोंदवायच्या वहीत, मावलं पाहिजे आणि मार्चअखेरीस निधी परत जाता कामा नये. या चाळणीतून संरक्षक भिंत आरामात पार होते, गॅलरी पार होते. कुस्तीचा वस्ताद अडकतो. आरोग्य केंद्रातली परिचारिकाही तिथेच अडकते, आणि इथे स्टेडियम आणि दवाखाना एकाच रांगेत येतात. कोविडच्या वेळी साताऱ्यात हे डोळ्यांनी दिसलं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराज संग्रहालयाच्या नव्या इमारतीत जम्बो कोविड रुग्णालय सुरू झालं. इमारत तयार होती. धावपळ झाली ती डॉक्टर, परिचारिका आणि ऑक्सिजनसाठी.

माणसावर खर्च करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 2008 मध्ये केंद्राने पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान आणलं. त्यात गावोगाव ‘क्रीडाश्री’ नेमायचे होते. त्यांचं मानधन महिना 500 रुपये. एवढ्यात रोज मैदान झाडून घेणंही परवडलं नसतं. योजना यथावकाश दुसऱ्या नावात विरघळली.

त्याउलट राज्याची क्रीडा प्रबोधिनी. निवड झालेल्या मुलांचं राहणं, खाणं, शिक्षण आणि मार्गदर्शक हा तिचा खर्च. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजूर आई-वडिलांचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने त्याला हेरलं, प्रबोधिनीत पाठवलं, तिथे धनुष्य हातात आलं आणि तो टोकियो ऑलिंपिकला गेला. सरडे गावात स्टेडियम नव्हतं. माणच्या मोहीची ललिता बाबर दुष्काळी गावच्या रस्त्यांवर पळत मोठी झाली आणि 2016 मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती झाली, तिचा सराव साताऱ्यात उसाच्या फडाची जागा मोकळी करून केलेल्या मैदानावर झालेला. सांगलीचा संकेत सरगर राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला, घरची पानाची टपरी सांभाळून.

एवढ्यावरून ‘मग मैदानं तरी कशाला हवीत’ असं कुणी म्हणू नये. म्हसवड, दहिवडी, वडूज या बाजूला पहाटे गाडीतून गेलात तर रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी धावताना दिसतील. अंगात टी-शर्ट, हातात मोबाइलचं घड्याळ. ही हौस नव्हे. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो, आणि सैन्यात जाण्याची या जिल्ह्याची परंपरा तर जुनीच. पहिल्या महायुद्धात अपशिंगे या एका गावाचे 46 जवान पडले. कोरडवाहू दोन-तीन एकरांच्या घरात भरती म्हणजे घराला लागलेला हातभार. या मुलांना ट्रकच्या वाटेतून बाजूला घेणारा 400 मीटरचा मातीचा ट्रॅक, दिव्याचे चार खांब, प्यायचं पाणी आणि मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह हवं आहे. ही खेळाची गरज की सामाजिक, हे ठरवत बसण्यात अर्थ नाही.

मग टपरीवरच्या त्या वाक्याचं काय? राज्याचं संकुल अनुदान क्रीडा खात्याच्या लेखाशीर्षात येतं. ते नाकारलं तरी ते पैसे आरोग्य खात्याकडे वळत नाहीत, दुसऱ्या तालुक्याच्या संकुलाकडे जातात. जिल्हा नियोजनाची गोष्ट वेगळी. तिथे आरोग्य केंद्राची दुरुस्ती, शाळाखोल्या, पाणी योजना आणि क्रीडांगण एकाच थैलीतून वाटून घ्यायचे असतात. तिथे एकाला दिलं तर दुसऱ्याचं खरंच कमी होतं. त्यामुळे तक्रार करायची तर पालकमंत्र्यांसमोरच्या त्या टेबलावर करावी, आणि ती आराखडा मंजूर होण्याआधी. पैसे मिळाल्यावरच्या निवेदनांना उत्तर ठरलेलं असतं : या वर्षीचा निधी बांधला गेला.

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत, 2036 च्या ऑलिंपिकसाठी प्रयत्न चालू आहेत. म्हणजे पुढची काही वर्षं देशात खेळाच्या नावाने सिमेंट भरपूर ओतलं जाणार आणि त्याचा एखादा प्रवाह जिल्ह्यांपर्यंतही येणार. 5 कोटींच्या तालुका संकुलाच्या अंदाजपत्रकात माती, सळई, रंग, विद्युतीकरण अशा बाबी ओळीने येतात. मार्गदर्शकाचा पगार, मैदान राखणारा माणूस आणि वीजबिल त्यात येत नाही. प्रशासकीय मान्यतेच्या वेळीच पहिल्या पाच वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, अशी एक अट शासन निर्णयात घालायला वेगळा निधी लागत नाही. नव्या आरोग्य केंद्रांच्या इमारतींनाही तीच लावता येईल.