संग्रहालय व स्थानिक समाज (गोवा)

संग्रहालय व स्थानिक समाज : संग्रहालयातील वस्तू ज्या लोकांच्या जगण्यातून आल्या, त्या लोकांना वस्तूंच्या निवडीत, मांडणीत, माहिती सांगण्यात आणि कारभारात वाटा देण्याची पद्धत. तिकीट काढून येणारा प्रेक्षक वेगळा आणि वस्तूबद्दल बोलण्याचा अधिकार असलेला गावकरी वेगळा, हे या पद्धतीचे मूळ गृहीत. गोव्यात हा भेद विशेष जाणवतो. पर्यटकांच्या वर्दळीमुळे संग्रहालय ही पाहुण्यांना दाखवायची जागा आहे असा समज सहज रुजतो. मग ज्यांच्या आजोबा-पणजोबांची अवजारे तिथे भिंतीवर टांगलेली असतात, त्यातले बरेचजण शाळेच्या सहलीनंतर पुन्हा तिकडे फिरकत नाहीत.

पूर्वपीठिका : जुनी संग्रहालये राजे, विद्वान आणि सरकारे यांनी उभारली. काय जपायचे आणि त्याचा अर्थ काय सांगायचा, हे त्यांनीच ठरवले. 1960 नंतर या रीतीला आव्हान मिळाले. वॉशिंग्टनमधील अॅनाकोस्टिया या कृष्णवर्णीय वस्तीत 1967 मध्ये एका जुन्या चित्रपटगृहात वस्तीचे संग्रहालय सुरू झाले. त्याने 1969 मध्ये वस्तीला छळणाऱ्या उंदरांवरच प्रदर्शन भरवले. फ्रान्समध्ये 1971 च्या सुमारास एक संपूर्ण परिसर, तिथली घरे, शेते आणि माणसे यांनाच संग्रहालय मानणारी ‘इकोम्युझियम’ची कल्पना पुढे आली. 1972 मध्ये चिलीतील सांतियागो येथे भरलेल्या परिषदेने संग्रहालयाने समाजाच्या आजच्या प्रश्नांशी नाते जोडावे असा आग्रह धरला. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने 24 ऑगस्ट 2022 रोजी प्राग येथे स्वीकारलेल्या नव्या व्याख्येत समुदायांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे.

गोव्यातील संस्था : राज्य संग्रहालयाची स्थापना 1977 ची. 1996 मध्ये पणजीत पाटो येथे त्याला स्वतंत्र इमारत मिळाली. ती पुढे सोडावी लागली आणि संग्रहालय मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्यात आले. जुने गोवे येथील भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय फ्रान्सिस्कन मठाच्या वास्तूत आहे. तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉय-गव्हर्नरांची तैलचित्रे आहेत आणि कदंबकालीन वीरगळही आहेत. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय 1994 मध्ये राशोल सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात) सुरू झाले, 2002 मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये हलले आणि नूतनीकरणानंतर 2022 मध्ये पुन्हा खुले झाले. तिथल्या कित्येक मूर्तींवर आणि लाकूडकामावर स्थानिक कारागिरांच्या हाताची छाप आहे. त्या कारागिरांची नावे मात्र क्वचितच उरली आहेत.

खाजगी पुढाकारातून उभ्या राहिलेल्या संस्था लोकजीवनाच्या अधिक जवळ गेल्या. बाणावली येथील ‘गोवा चित्र’ व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 2009 मध्ये सुरू केले. नांगर, मापे, भांडी, सुतार-लोहारांची हत्यारे अशा चार हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जमवल्या. पाडलेल्या जुन्या घरांची दारे, खिडक्या आणि खांब इमारतीतच वापरले. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत सुबोध केरकर यांनी 2015 मध्ये उभारलेले ‘म्युझियम ऑफ गोवा’ समकालीन कलेतून गोव्याचा इतिहास मांडते. तोर्डा येथे वास्तुविशारद जेरार्ड द कुन्य यांनी गोव्यातील घरांचे संग्रहालय उभारले आहे. लोटली येथे 1995 पासून जुन्या गावगाड्याची प्रतिकृती आहे. या संस्थांनी मोलाचे काम केले आहे. पण एका जिद्दी माणसाच्या बळावर संग्रह उभा राहतो तेव्हा त्याच्यानंतर तो कोण चालवणार, हा प्रश्न उरतोच. त्याचे टिकाऊ उत्तर गावाच्या सहभागातच आहे.

जाणकार कोण : घुमटाचे उदाहरण घेऊ. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. काचेच्या कपाटात ठेवलेले घुमट म्हणजे एका बाजूला कातडे ताणलेले मातीचे भांडे, एवढेच दिसते. भांडे घडवणाऱ्या कुंभाराला मातीचा कस माहीत असतो. वाजवणाऱ्याला कातडे किती तापवायचे आणि कधी सैल पडते ते माहीत असते. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आल्यावर बकऱ्याचे कातडे वापरात आले, त्याने नाद कसा बदलला हेही तोच सांगू शकतो. चवथीच्या आरत्यांत घुमट, शामेळ (काठीने वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (मोठी झांज) यांचा मेळ कसा बसतो, हे माहितीच्या पाटीवर लिहून कळणार नाही. त्यासाठी आरतीमंडळाला दालनात बोलवावे लागेल आणि मानधनही द्यावे लागेल. अभ्यासकाला व्याख्यानाचे पैसे द्यायचे आणि वादकाला प्रमाणपत्र व नारळ द्यायचा, ही रीत या विषयातली सर्वांत मोठी उणीव आहे.

माटोळीचेही तसेच. माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या सजावटीत, बांधायच्या रानफळांची, वेलींची आणि पानांची ओळख सत्तरी-सांगे तालुक्यांतल्या वयस्क माणसांना असते. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेते, पण स्पर्धा संपली की माटोळी उतरते आणि तिच्याबरोबर त्या वर्षी सांगितलेली माहितीही जाते. ही नावे, जागा आणि उपयोग सांगणाऱ्याच्या आवाजात नोंदवून ठेवणे हे संग्रहालयाचे काम होऊ शकते. खाजन शेतीबाबत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीबाबत, तर घाई करायला हवी. ओहोटीला उघडणारे आणि भरतीला मिटणारे मानशीचे (बांधातल्या पाणदाराचे) दार दालनात मांडता येईल. पण बांध कुठे फुटतो, मानशीची पावणी (लिलाव) कशी होते, कोरगुट जातीचे भात कुठल्या खाऱ्या पाण्यात तग धरते, हे जाणणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.

लोकांनी दाखवलेला वारसा : सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्या कातळावर बैल, मोर, माणसे आणि चक्रव्यूहासारखी आकृती कोरलेली आहे. हे कातळशिल्प 1993 मध्ये अभ्यासकांपर्यंत पोहोचले ते गावकऱ्यांमुळे. अशा ठिकाणी राखणदार आणि वाटाडे त्याच गावातले असणे हा सहभागाचा पहिला टप्पा आहे.

कुर्डीचे उदाहरण त्याहून मोठे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचा हा गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. तिथले कदंबकालीन महादेव मंदिर दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारण्यात आले. जांभ्यातील मातृदेवतेची भव्य मूर्ती वेर्णा येथे नेण्यात आली. माणसे वाडे आणि वालकिणी येथे वसवली गेली. दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीकर परततात. सोमेश्वराच्या देवळाशी हिंदू जमतात, कपेलाकडे (छोट्या प्रार्थनाघराकडे) ख्रिस्ती जमतात. घरांची जोती, विहिरी आणि पाणंदी दाखवत वडीलधारे मुलांना गाव सांगतात. 18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन साधारण याच दिवसांत येतो.

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती 1966 मध्ये गोऱ्यांसाठी राखीव ठरवली गेली आणि साठ हजारांहून अधिक लोकांना घालवून देण्यात आले. 1994 मध्ये उघडलेल्या तिथल्या संग्रहालयात जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आहे. जुन्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी स्वतःच्या हाताने नावे लिहिली. दोन्ही विस्थापनांची कारणे अगदी भिन्न आहेत, तरी पद्धत कुर्डीला जशीच्या तशी लागू पडते. वाडे किंवा वालकिणीत असा एक नकाशा व्हावा आणि तो कुर्डीकरांनी भरावा. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही.

स्वागत : दरवाजा उघडा ठेवला म्हणजे लोक येतात असे नाही. गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांत मराठी आणि कोंकणीतून शिकवले जाते. देवळांतील कीर्तने आणि जत्रेतली नाटके मराठीत होतात. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापरालाही स्थान आहे. तेव्हा वस्तूखालची माहिती या दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजीच्या बरोबरीने हवी. कामकरी माणसाला सवड रविवारी किंवा संध्याकाळी मिळते. राज्याच्या टोकांवरल्या पेडणे-काणकोणहून येणाऱ्याला परतीची बस गाठायची असते. उघडण्याची वेळ ठरवताना हे कुणी विचारात घेतो का, यावरून संस्था कोणासाठी आहे ते कळते. अपंग व्यक्तींसाठी 2023 पासून गोव्यात भरणाऱ्या ‘पर्पल फेस्ट’ने सुगम्यतेचा विषय सर्वांसमोर आणला आहे. उतरते रॅम्प, स्पर्शून पाहता येतील अशा प्रतिकृती आणि ब्रेल पाट्या ही सोय महोत्सवापुरती राहू नये.

ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे संग्रहालयाने जावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची 2015 पासूनची फिरती बस हा त्याचा मराठी मुलखातला चांगला नमुना आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात तर एक बस प्रत्येक तालुक्यातील शाळांपर्यंत सहज पोहोचू शकते.

संमती आणि मर्यादा : सहभाग म्हणजे गावाने सगळे काही मोकळे करणे नव्हे. धालो (बायकांचा लोकनृत्याचा उत्सव) किंवा शिगमा (शिमगा) यांच्या मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र जागेवर, कोणी यायचे, काय आधी गायचे, कुठली वस्तू कोणी हाताळायची याचे नियम असतात. ते मोडून केलेले चित्रीकरण किंवा दालनातला ‘कार्यक्रम’ अयोग्य ठरतो. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. त्यांचे चित्रण अजूनही अनेकदा चौकटीची साडी आणि नाच यांवरच थांबते. कुळांचे आणि मुंडकारांचे (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे) हाल, जमिनीचे हक्क आणि खाणींमुळे उद्ध्वस्त झालेली शेते यांविषयी त्यांनी स्वतः काय सांगायचे ठरवले, तर ते जसेच्या तसे मांडण्याची संस्थेची तयारी हवी. देवतामूर्तींचा प्रश्नही नाजूक आहे. दालनातल्या मूर्तीपुढे कुणी फूल ठेवले तर ते अडवण्यापेक्षा त्यासाठी जागा ठरवणे बरे. उत्सवापुरती वस्तू गावाला परत देण्याचा करार करता येतो. त्यात विमा, वाहतूक आणि हाताळणी यांची जबाबदारी आधीच लिहून ठेवावी. देणगी घेताना देणाऱ्याचे नाव, गाव, वस्तू वापरणाऱ्याचे नाव आणि परत मागण्याच्या अटी नोंदवहीत असाव्यात, आणि त्या नोंदीची प्रत त्या घरात जावी.