भूकंपाचं कारण शोधताना सापडलेले जीव: कोयनेच्या बोअरची पार्श्वभूमी

कोयनेच्या परिसरात जमिनीखाली काही किलोमीटरवर, उजेडाचा लवलेश नसलेल्या ग्रॅनाइटमध्ये सूक्ष्मजीव सापडले, हे पाटण-कऱ्हाडकडच्या माणसालाही नवल वाटावं असंच आहे. मुळात तिथे जीव शोधायला कुणी बोअर मारलाच नव्हता. शोध चालला होता भूकंपाच्या कारणाचा.

दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूभाग, इथे कसला मोठा भूकंप, असा तेव्हा समज होता. 1962 मध्ये शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, पाणी साठू लागलं आणि आसपासच्या गावांना हादरे जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगर ढासळलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. जलाशयामुळे झालेला जगातला सर्वांत मोठा भूकंप म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं.

पाण्याच्या वजनानं जमीन हलते, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं. खडकात ताण आधीपासून असतोच. भेगांत झिरपलेलं पाणी आतला दाब वाढवतं, भेगेच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवणारं घर्षण कमी होतं आणि खडक सरकतो. त्यामुळे पावसाळ्यात धरण भरताना धक्के वाढतात, तसे पुढे पाणी उतरतानाही वाढतात. 1985 पासून चांदोलीला वारणेचं पाणी अडू लागलं, तसे धक्के दक्षिणेकडे, सांगलीच्या हद्दीकडेही सरकले.

हे सगळं एका छोट्या पट्ट्यात वर्षानुवर्षं घडतंय, म्हणूनच प्रत्यक्ष खाली जाऊन बघायचं ठरलं. याच परिसरातल्या रासाटीच्या बोअरमध्ये सुमारे 933 मीटरवर काळा बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला दख्खनचा खडक) संपला आणि थेट अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट लागला. मध्ये गाळाच्या खडकाचा थरच नाही! मला तर हाच या कामातला सर्वांत थक्क करणारा क्षण वाटतो. पुढे गोठणे इथे 3 किलोमीटरचा पथदर्शी बोअर झाला.

त्या खडकाचे नमुने आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी तपासले. ड्रिलिंगच्या पाण्यातले जंतू वेगळे काढल्यावरही खडकातले जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) शिल्लक राहिले. त्यांतले काही हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड अशा वायूंवर जगत असावेत.

हे बोअरचं काम पाहणाऱ्या कऱ्हाडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेचं पुढचं लक्ष्य 6 किलोमीटर खोल बोअरचं आहे. तिथलं तापमान 110 ते 130 अंश सेल्सिअस असेल असा अंदाज आहे, आणि जगात कुठल्याही प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव वाढल्याची आजवरची कमाल नोंद 122 अंशांची आहे; म्हणजे तिथे जीव तग धरण्याच्या मर्यादेजवळच पोचायचं आहे.