ब्लू स्क्रीन: कोडवर किती विसंबायचं?

संगणक अधूनमधून निळा पडदा दाखवून बंद पडायला लागला की बहुतेक जण थेट विंडोज पुन्हा टाकायला घेतात. अर्धा दिवस त्यात जातो, आणि अनेकदा दोन दिवसांनी तोच पडदा पुन्हा समोर येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातली ही गत.

मुळात ब्लू स्क्रीन का येते ते पाहू. प्रोसेसर प्रोग्रॅमना दोन पातळ्यांवर चालवतो. ब्राउझर, गेम, वर्ड हे सगळे बाहेरच्या पातळीवर असतात. तिथे प्रत्येकाला आपापली मेमरी मिळते, त्यामुळे एकाने घोळ घातला तर तो एकटाच बंद पडतो. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि बहुतेक ड्रायव्हर (हार्डवेअर वगैरे हाताळणारे छोटे प्रोग्रॅम) मात्र आतल्या पातळीवर, ‘रिंग झिरो’मध्ये असतात, आणि तिथे त्यांच्यामध्ये भिंतीच नाहीत. आवाजाचा ड्रायव्हर चुकून डिस्कच्या ड्रायव्हरच्या मेमरीत काहीबाही लिहून ठेवू शकतो. असा गोंधळ कर्नलच्या लक्षात आला, तर काम चालू ठेवण्यात मोठा धोका असतो, कारण बिघडलेली माहिती डिस्कवर उतरून चांगल्या फाइलीही खराब होतील. म्हणून कर्नल सगळं जागच्या जागी थांबवतो, मेमरीतला तपशील ‘डंप’ फाइलमध्ये साठवतो आणि पडद्यावर एक कोड दाखवतो. १९९३च्या विंडोज एनटीपासून हे असंच चालत आलं आहे. २०२५मध्ये विंडोज ११ने पडद्याचा रंग काळा केला, पण आतली यंत्रणा तीच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक असे थांबले, कारण त्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हरही याच आतल्या पातळीवर होता.

आता तपासाकडे. एकच कोड पाहून निष्कर्ष काढू नये. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘मिनीडंप’ नावाचं फोल्डर असतं, तिथे प्रत्येक वेळची छोटी नोंद सापडते. मायक्रोसॉफ्टच्या ‘विनडीबीजी’ या मोफत तपासणी प्रोग्रॅममध्ये ती उघडली की कोड आणि संशयित फाइलचं नाव दिसतं. चार-पाच नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा. दर वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव येत असेल, तर मामला सहसा सॉफ्टवेअरचा. तो ड्रायव्हर नवा टाका, किंवा त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर जुना परत आणा. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, कधी तिसरंच काही, असं असेल तर संशय हार्डवेअरवर, त्यातही आधी रॅमवर.

फाइलच्या नावाबद्दल एक सावधगिरी. नोंदीत पुष्कळदा विंडोजच्या स्वतःच्या कर्नलचंच नाव येतं, आणि मग विंडोजच बिघडलं अशी समजूत होते. रस्त्यात खड्डा एकाने खणावा आणि पडावं दुसऱ्याने, तसं आहे हे; नोंदीत पडणाऱ्याचं नाव असतं. खणणारा शोधायला विंडोजमध्येच ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ आहे. तो निवडलेल्या ड्रायव्हरवर कडक पहारा बसवतो आणि चूक होताक्षणी संगणक थांबवतो. तो चालू केल्यावर कधी कधी संगणक नीट सुरूच होत नाही, म्हणून सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाऊन तो बंद कसा करायचा हे आधी पाहून ठेवलेलं बरं.

रॅम खराब असली की कोड का बदलत राहतात? रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. ८ जीबी रॅममध्ये असे जवळपास ६,९०० कोटी बिट असतात, आणि त्यातला एखादाच कमकुवत असला तरी पुरतं. त्या जागी आज गेममधलं चित्र असेल, तर बिघाड कळणारही नाही. उद्या तिथे कर्नलचा महत्त्वाचा पत्ता असला की ब्लू स्क्रीन. दर वेळी बळी वेगळा, म्हणून कोडही वेगळा. सुदृढ रॅममध्येही क्वचित एखादा बिट बाहेरून आलेल्या कणामुळे उलटतो. वेष्टणातल्या किरणोत्सारी अशुद्धींमुळे हे घडतं, असं इंटेलच्या संशोधकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं होतं. सर्व्हरमधली ईसीसी रॅम अशी एका बिटाची चूक दुरुस्त करते. घरगुती संगणकात ती सहसा नसते. त्यामुळे वर्षातून एकदा आलेली ब्लू स्क्रीन खुशाल विसरून जावी.

वारंवार येत असेल तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. त्यात एकही चूक निघाली तर ती जास्तच. मात्र चूक निघाली म्हणजे रॅम टाकाऊच असं नव्हे. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘एक्सएमपी’ चालू असेल, तर रॅम प्रमाणित वेगापेक्षा जोरात पळत असते. ते बंद करून चाचणी पुन्हा घ्या. मग रॅमची एकेक स्टिक (पट्टी) काढून पाहा.

बाकीचं थोडक्यात. फक्त गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिटिंग करतानाच थांबत असेल, तर तापमान आणि पंख्यातली धूळ तपासा. ब्लू स्क्रीन न येताच संगणक झपकन बंद होऊन सुरू होत असेल, तर पॉवर सप्लायवर माझा पहिला संशय. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ दिसली, तर हार्डवेअरनेच तक्रार नोंदवली आहे. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला असल्यास तो आधी मूळ वेगावर आणा.

एका वेळी एकच बदल करा, आणि मग थांबा. किती थांबायचं याचं गणित आहे. बिघाड सरासरी दर तीन दिवसांनी, पण अनियमितपणे येत असेल, तर काहीही दुरुस्त झालेलं नसतानाही सलग तीन दिवस शांततेत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. नऊ दिवस शांततेत जाण्याची शक्यता मात्र ५ टक्क्यांवर येते. तेव्हा काढलेली स्टिक नऊ दिवस तरी बाजूला ठेवा. नवी विकत घ्यायचं त्यानंतर पाहू.