फ्रंट व्हील की ऑल व्हील: हॉट हॅचमधला हा वाद आला कुठून

हॉट हॅच म्हणजे जोरदार इंजिन टाकलेली छोटी हॅचबॅक. 1976ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय सगळ्यांना पाठ आहे, तिथे थांबत नाही. हॅचबॅकमध्ये चारही चाकांना पॉवर आली ती रॅलीमुळे. 1986 नंतर रॅलीतला ग्रुप बी हा क्लास बंद झाला, ग्रुप ए वरचा क्लास झाला, त्यात उतरायचं तर तशाच 5000 गाड्या बनवणं भाग होतं, म्हणून लॅन्चियाची फोर व्हील ड्राइव्ह डेल्टा शोरूममध्ये आली, आधी एचएफ 4डब्ल्यूडी, मग इंटिग्राले, आणि 1987 ते 1992 रॅलीतली सलग सहा टायटलं घेऊन गेली. म्हणजे सोय होती बर्फ आणि खडीची, ऑफिसला जायला कुणी मागितली नव्हती. 2002 मध्ये गोल्फ आर32 आली, व्ही6 आणि हॅल्डेक्स (मागच्या चाकांना लागेल तशी पॉवर पाठवणारा क्लच), गोडच गाडी, पण खरा वाद पेटला 2009 ला.

त्या वर्षी फोर्डची दुसरी फोकस आरएस आली. अडीच लिटरचं पाच सिलिंडर टर्बो, 305 पीएस (म्हणजे साधारण तेवढीच हॉर्सपॉवर), 440 एनएम टॉर्क, आणि सगळं पुढच्या चाकांवर! एवढी पॉवर पुढच्या चाकांना झेपत नाही असं तेव्हा सरसकट म्हटलं जायचं, शिवाय रॅलीतली फोकस फोर व्हील ड्राइव्ह, मग रस्त्यावरच्या गाडीला का नाही म्हणून बरीच बोंबाबोंब झाली. कंपनीचं म्हणणं, वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. उपाय काढला तो नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या सांध्यात. साध्या स्ट्रटमध्ये (सस्पेन्शनचा उभा दांडा) स्टिअरिंग फिरवलं की स्ट्रटसकट सगळं फिरतं आणि फिरण्याची रेषा चाकाच्या मध्यापासून बरीच आत राहते, मग एका चाकाला जास्त ग्रिप मिळाली की हातातलं स्टिअरिंग ओढलं जातं. इथे स्ट्रट जागच्या जागी आणि फिरतो फक्त खालचा नकल, त्यामुळे ती रेषा चाकाजवळ आली. जोडीला क्वाइफ कंपनीचा डिफ, म्हणजे ग्रिप असलेल्या चाकाला जास्त पॉवर देणारा डिफरन्शियल. खराब रस्त्यावर गाडी तरी हात ओढायचीच, पण माझ्या मते निर्णय बरोबर होता.

2016 ला तिसऱ्या आरएसमध्ये तोच निर्णय फिरवला. 350 पीएस, चारही चाकं, वर ड्रिफ्ट मोड (हा मोड घेऊन भाजी आणायला कोण जातं देव जाणे). गंमत अशी की त्याच काळात फ्रंट व्हीलवाले गप्प बसले नव्हते, 2017 ला होंडाच्या सिव्हिक टाइप आरने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकची फेरी 7 मिनिटं 43.8 सेकंदांत मारली.

रोजच्या वापराचा हिशोब सातव्या गोल्फमध्ये नीट दिसतो, कारण दोन्ही गाड्या एकाच घरातल्या. ऑल व्हील गोल्फ आर, डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह, 0-100 ला 4.9 सेकंद, फ्रंट व्हील जीटीआय साडेसहाच्या आसपास, ओल्या सिग्नलवर तर फरक अजून वाढतो, ते कबूल. पण आरचं वजन शंभरेक किलो जास्त, आणि मागच्या डिफमुळे डिकी 380 लिटरची 343 झाली. वर हॅल्डेक्स. तेल बदललं तरी आतली जाळी साफ करायची राहून जाते, क्लचचा गाळ तिच्यात साठतो, मग पंप जळतो आणि गाडी गुपचूप फ्रंट व्हील होते. कोरड्या रस्त्यावर मालकाला पत्ताही लागत नाही, आणि यातच सगळं आलं ना.

आपल्याकडे 2021 ला मर्सिडीजची ए45 एस आली, 421 हॉर्सपॉवर, ऑल व्हील, साडेएकोणऐंशी लाख. मग मे 2025 ला गोल्फ जीटीआय, फ्रंट व्हील, 53 लाख एक्स-शोरूम, पहिल्या 150 गाड्या किंमत जाहीर व्हायच्या आधीच बुक झाल्या. ताम्हिणीत पावसाळ्यात ऑल व्हील बरी असं ऐकू येतं, पण चार चाकांची मदत वळणातून बाहेर निघताना होते, ब्रेक मारताना आणि वळणात शिरताना नाही, तिथे शेवटी टायरच. तेव्हा वाचलेल्या पैशातून आधी चांगले टायर घ्या.