व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला किती जोर पुरे?

शेव्हरोलेचे ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-8 इंजिन 1955 साली बाजारात आले आणि 1967 मध्ये त्याची 350 घनइंचांची, म्हणजे 5.7 लिटरची आवृत्ती निघाली. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये हौसेने बांधलेल्या वेगवान इंजिनांत याच घराण्याचा भरणा मोठा आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेले असे एखादे इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांपर्यंत खणखणीत चालते आणि त्यापुढे अडखळू लागते. मालक आधी कार्ब्युरेटर उघडतो, मग इग्निशन तपासतो, आणि दोष मात्र हेडवरच्या, म्हणजे सिलिंडरांच्या माथ्यावरच्या, झाकणाखाली, व्हॉल्व्हच्या सोळा स्प्रिंगांमध्ये दडलेला असतो.

व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, उघडतो तो कॅममुळे, म्हणजे फिरत्या कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यामुळे, पण मिटतो तो केवळ स्प्रिंगच्या जोरावर. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, मिनिटाला 6000 फेऱ्या घेत असेल तर कॅमशाफ्ट 3000 घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि त्याची एक खेप जेमतेम 8 मिलिसेकंदांत उरकते. वेगाने निघालेले कॅमवर टेकणारे टॅपेट, त्याचा धक्का वर नेणारी पुशरॉड नावाची दांडी, तरफेसारखा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांना कॅमच्या शेंड्यावर आवरून परत फिरवायचे, तेही कॅमचा स्पर्श न सुटू देता, हे स्प्रिंगचे खरे काम. त्यासाठी लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 5000 वरून 6000 वर जाताना वेग 20 टक्क्यांनी वाढतो, पण गरज 44 टक्क्यांनी. स्प्रिंगचा जोर मात्र ती किती दबली आहे यावरच ठरतो. इंजिनाच्या वेगाचे तिला काही देणेघेणे नसते. कधी तरी हिशेब तुटतोच, टॅपेट कॅमला सोडून उडते, व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे मिटताना टेकायच्या कडेवर, आदळून पुन्हा उसळतो आणि सिलिंडरमधला दाब निसटतो. यालाच ‘व्हॉल्व्ह फ्लोट’ म्हणतात. मर्सिडीजने 1954 च्या आपल्या शर्यतीच्या गाडीत व्हॉल्व्ह मिटवण्यासाठीही कॅमच वापरला होता. घरगुती गॅरेजात मात्र स्प्रिंगशीच जुळवून घ्यावे लागते.

मग सर्वांत कडक स्प्रिंग आणून बसवावी, हा मोह साहजिक आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महागात पडतो. आधी मोजावे ते व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंगला मिळणाऱ्या जागेचे माप. या इंजिनाची मूळ स्प्रिंग सुमारे 43.2 मिलिमीटर उंचीवर 36 किलो वजनाएवढा जोर देते आणि 31.8 मिलिमीटरपर्यंत दाबली की 91 किलो, म्हणजे दर मिलिमीटरला जवळपास पावणेपाच किलो. जुन्या हेडमधल्या सीटा घासून नव्या केल्या की व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित खोल बसतो, त्याची दांडी तेवढीच वर सरकते आणि स्प्रिंगची जागा वाढते. ही वाढ एक मिलिमीटरची असली तरी मिटलेल्या स्थितीतला तेरा टक्के जोर गेला! उष्णतेने आणि कोट्यवधी हेलकाव्यांनी स्प्रिंगने घेतलेला बसका त्याहून वेगळा. जोर मोजण्यासाठी न्हाणीघरातला वजनकाटा आणि ड्रिल प्रेसही पुरतो: स्प्रिंग काट्यावर उभी करावी, ठरल्या उंचीपर्यंत दाबावी आणि आकडा वाचावा. स्प्रिंग अजून धड असेल आणि चूक फक्त उंचीची असेल, तर तिच्याखाली एक पातळ शिम, म्हणजे धातूची चकती, घातली की काम भागते.

कॅमही बदलला असेल तर प्रश्न वाढतात. 12.2 मिलिमीटर लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उघडणारा, कॅम हीच स्प्रिंग 31 मिलिमीटरपर्यंत दाबतो. तेव्हा तिचे वेढे एकमेकांवर टेकण्याआधी निदान दीड मिलिमीटर जागा उरली पाहिजे, आणि स्प्रिंगला वरून धरणाऱ्या रिटेनरचा तळ व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या, तेल अडवणाऱ्या सीलवर आपटता कामा नये. स्प्रिंग स्वतःही तारेसारखी थरथरते. कॅमच्या ठोक्यांशी ही थरथर जुळली की जोर ऐन वेळी कमी पडतो; म्हणून आत चपट्या पट्टीचा डँपर घालतात, एकात एक दोन स्प्रिंगा बसवतात किंवा वर निमुळती होत जाणारी मधपोळ्याच्या आकाराची स्प्रिंग वापरतात.

आता जास्त जोराची किंमत पाहू. रॉकरचे प्रमाण दीडपट असल्याने कडक स्प्रिंगचे व्हॉल्व्हवरचे 130 किलो टॅपेटवर 195 किलो होऊन उतरतात. जुन्या इंजिनातले सपाट टॅपेट कॅमवर घासत, स्वतःभोवती सावकाश फिरत चालते आणि दोघांमध्ये तेलाचा एक पापुद्रा तेवढा असतो. तो फाटला की कॅमचा उंचवटा काही मिनिटांत झिजून जातो आणि लोखंडाचा चुरा तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत पोहोचतो. मूळ हेडमध्ये रॉकर धरणारे स्टड नुसते ठोकून बसवलेले असतात; जादा जोराने तेही हळूहळू उपसून येतात. म्हणून व्हॉल्व्ह ताब्यात ठेवणारी सर्वांत हलकी स्प्रिंगच निवडावी.

स्प्रिंग बदलण्यासाठी हेड उतरवायलाच हवे असे नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडावी, तिचे टोक मात्र बाहेर ठेवावे, आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणावा. दोरीचा गोळा व्हॉल्व्हला खालून धरून ठेवतो आणि रिटेनरला दांडीशी अडकवणारे चिमुकले लॉक काढले तरी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडत नाही. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर दुहेरी स्प्रिंगमधली आतली प्रथम काढून ठेवावी, जस्त-फॉस्फरसयुक्त तेल भरावे, इंजिन सुरू होताच ते 2000 ते 2500 फेऱ्यांवर वीस मिनिटे चालवावे आणि थंड झाल्यावर तीच दोरी पुन्हा वापरून आतल्या स्प्रिंगा जागेवर बसवाव्यात.