'हिरवी नोकरी' म्हणजे फक्त सोलर नाही

नागपुरात सीताबर्डीच्या चहाटपरीवर परवा पुन्हा ऐकलं: "ग्रीन जॉब म्हणजे सोलर पॅनेल लावणारे. रोजगार कार्यालयाच्या यादीतून मोजून टाका, झालं!" तसं नाही, भाऊ. पर्यावरणाला हातभार लावणारं कुठलंही काम हिरवं.

आधी ती यादी बघू. रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेला प्रत्येक जण बेरोजगार असतोच असं नाही. नोकरी लागली तरी अनेक जण नाव काढत नाहीत. बेरोजगारीचा दर येतो २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातून, घरोघरी विचारून. दोन्ही आकडे जोडले तर एकच माणूस दोनदा मोजला जाईल.

आता हिरवेपणा. गच्चीवर पॅनेल बसवणारा इलेक्ट्रिशियन उद्योगांच्या वर्गीकरणात बांधकामात जातो. तोच सकाळी पॅनेल लावतो अन् दुपारी एसीची वायरिंग करतो. त्याला हिरवा धरायचं का, आणि किती? भांडेवाडीच्या कचरा डेपोत कचरा वेगळा करणारी बाई मात्र कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही, तिचं काम शंभर टक्के हिरवं असूनही.

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने कंपनी किंवा संस्था काय उत्पादन करते हे पाहून २०१० साठी सुमारे ३१ लाख हिरव्या नोकऱ्या मोजल्या. त्यात बसचालकही होते, म्हणून चिक्कार वाद झाला. २०१३ च्या खर्चकपातीत ती मोजणीच बंद पडली.